सेविकांच्या मैत्रीला कामाचा वेळ द्या

अंगणवाडीत दोन वर्षांखालच्या लेकराची लांबी एकट्या माणसाला बरोबर मोजता येत नाही. इन्फँटोमीटरच्या, म्हणजे लांबी मोजायच्या, पाटीवर लेकरू उताणं निजवायचं. एकीनं डोक्याशी बसून टाळू उभ्या फळीला टेकलेली आणि नजर सरळ वर राहील असं डोकं धरायचं. दुसरीनं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, सरकती फळी तळव्यांना भिडवायची आणि आकडा वाचायचा. तोवर लेकरू रडत असतं, अंग वळवत असतं. एकटी बाई हे करायला गेली की गुडघा वाकतो आणि लांबी सेंटिमीटरभर तरी कमी भरते. लांबी कमी भरली की तिच्या मानानं वजन बरं दिसतं. म्हणजे खंगलेलं लेकरू कागदावर साधारण श्रेणीत जातं आणि त्याला मिळायला हवा तो जादा आहार मिळत नाही.

ही दुसरी बाई कोण असते? मदतनीस, असं उत्तर कागदावर आहे. पण मदतनिसाचं पद रिकामं असतं, ती रजेवर असते, किंवा वजन-उंचीच्या दिवशी चुलीवर खिचडी चढवलेली असते आणि तिला तिथून हलता येत नाही. राज्यातल्या १३,०११ मिनी (लहान वस्त्यांवरच्या) अंगणवाड्यांना नियमित अंगणवाडीचा दर्जा मिळण्याआधी तिथं मदतनीस हे पदच नव्हतं. अशा वेळी शेजारच्या गावची सेविका येते. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ही तिच्याकडे जाते, दुसऱ्या दिवशी ती हिच्याकडे. कुठल्याही शासन निर्णयात ही व्यवस्था लिहिलेली नाही. ती दोघींच्या मैत्रीवर चालते आणि विदर्भातल्या कितीतरी गावांत वर्षानुवर्षं चाललेली आहे.

बालशिक्षणातल्या या मैत्रीकडे आपण बायकांची खासगी गोष्ट म्हणून पाहतो. पर्यवेक्षिकेच्या भेटीच्या नोंदीत तिला रकाना नाही, अंदाजपत्रकात शीर्ष नाही. माझं म्हणणं असं की ही मैत्री हा अंगणवाडीच्या कामाचाच भाग आहे. तिला लागणारा वेळ, भाडं आणि जागा शासनानं द्यायला हवी. गेल्या काही वर्षांत मात्र नेमक्या याच तीन गोष्टी कमी होत गेल्या.

अंगणवाडी ज्या योजनेत येते ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (मोठ्या दवाखान्यात पाठवणं) आणि पोषण-आरोग्य शिक्षण या सहा सेवा. गावात त्या सगळ्यांच्या मागे उभी राहणारी बाई एकच. सर्वसाधारण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी, आदिवासी भागात ३०० ते ८०० ला एक. आकड्यात हे ठीक वाटतं. पण मेळघाटात एक गाव तीन-चार ढाण्यांत, म्हणजे वस्त्यांत, पसरलेलं असतं, यवतमाळ जिल्ह्यात कोलामांचा पोड मूळ गावापासून दूर असतो, गडचिरोलीत टोले जंगलात विखुरलेले असतात. तिथं एका अंगणवाडीपासून दुसरीपर्यंतचं अंतर म्हणजे अर्धा दिवस.

त्यात निवडीची अट अशी की सेविका त्याच गावची रहिवासी हवी. अट योग्यच आहे, पण तिचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. सेविका बहुतेक वेळा गावची सून असते. समोर येणारी प्रत्येक आई तिची जाऊ, नणंद, भाऊबंदांतली किंवा शेजारीण असते. एखादं लेकरू तीव्र कुपोषित निघालं, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला, तर ती हे गावात कोणाशी बोलणार? ते कोणाचं तरी घर असतं. सासू म्हणते, आमचं पोरगं बारीकच आहे, त्याचा बापही असाच होता. आशाताई आणि सिस्टर सोबत असतात, पण त्यांचं खातं वेगळं, वरिष्ठ वेगळे, अहवाल वेगळे. जिच्यासमोर "मला हे जमत नाहीये" असं मोकळेपणी म्हणता येईल आणि जिला त्याचा अर्थ लगेच कळेल, अशी बाई पुढच्या गावच्या अंगणवाडीतच असते.

ही माणसं एकमेकींना भेटली कुठं? पूर्वी नव्या सेविकेला २६ दिवसांचं प्रशिक्षण असायचं, बहुधा निवासी. पहिल्यांदाच घर सोडून महिनाभर बाहेर राहिलेल्या बाया सोबत जेवायच्या, सोबत नोंदवह्या लिहायला शिकायच्या आणि रात्री गाणी उतरवून घ्यायच्या. अनेक अंगणवाड्यांत आजही जी बडबडगीतांची वही सापडते ती अशीच तयार झालेली असते. भुलाबाईच्या गाण्यांच्या चालीवर बसवलेली मोजणी, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांसाठी रंगांचा आणि लहान-मोठ्याचा खेळ, सीताफळाच्या बिया आणि पळसाच्या पानांची वर्गवारी. हे साहित्य कोणत्याही संचात येत नाही. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात ते मैत्रिणींच्या हातून गेलं. चिंचोके-बियांचा खेळ तीन वर्षांखालच्या लेकरापुढे मांडायचा नाही, ते तोंडात घालतं, ही सूचनाही बहुतेकींना आधी दुसऱ्या सेविकेकडूनच कळलेली असते.

तसं लांब पल्ल्याचं निवासी प्रशिक्षण आता मागं पडलं. 'पोषण भी पढाई भी' या केंद्राच्या कार्यक्रमाचं प्रशिक्षण तीन दिवसांचं आहे. त्यातला आशय चांगला आहे, शाळापूर्व शिक्षणाला पुन्हा महत्त्व मिळालं याचा आनंद आहे. पण तीन दिवसांत ओळख होते, भरवसा तयार होत नाही. आपलं चुकतंय हे कबूल करायला, दुसरीचं वही-रजिस्टर उघडून बघायला, "तू मोज, मी धरते" म्हणायला भरवसाच लागतो.

हे महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला एकत्र काम करत होत्या, ते १९७३ मध्ये ताराबाई जाईपर्यंत. बालवाडीत न येणाऱ्या पोरांसाठी बालवाडीच वस्तीच्या अंगणात न्यायची ही कल्पना त्या सोबतीत वाढली, आणि ताराबाईंनंतर अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत चालवलं. एक बाई प्रयोग करते, दुसरी तो उद्या पुन्हा करून पाहते, दोघी मिळून ठरवतात की काय टिकवायचं. बालशिक्षण आपल्याकडे असं रुजलं. आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला नयी तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत पूर्व-बुनियादीचा, म्हणजे शाळेआधीच्या शिक्षणाचा, विचार झाला तोही सोबत राहणाऱ्या, सोबत सफाई आणि स्वयंपाक करणाऱ्या शिक्षकांमध्येच. लहान लेकरांना शिकवण्याची रीत पुस्तकातून अर्धीच कळते, कारण तीन-चार वर्षांच्या मुलाचं लक्ष दहा-पंधरा मिनिटांवर एका गोष्टीत राहत नाही आणि ते कधी सुटतंय हे ओळखणं दुसरीला करताना पाहूनच येतं.

आता बीट मीटिंगकडे येतो, कारण सगळा प्रश्न तिथं अडकला आहे.

एका पर्यवेक्षिकेकडे साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात, त्यांचं मिळून एक बीट. महिन्यातून एकदा या सगळ्या सेविका एका जागी येतात. सेविकांना परस्परांना भेटण्यासाठी अधिकृतपणे मिळणारा हा जवळपास एकमेव दिवस. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान आलं तेव्हा हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात होतं. महिन्याच्या बैठकीत एक विषय घ्यायचा, करून बघायचा, पुढच्या महिन्यात अनुभव सांगायचा, असे २१ पाठ त्यासाठी तयार झाले होते. रचना उत्तम होती. प्रत्यक्षात बैठकीचा वेळ माहितीच्या वसुलीत जातो. पोषण ट्रॅकर हे नोंदींचं मोबाईल अ‍ॅप २०२१ मध्ये आलं. कोणाची हजेरी भरली नाही, कोणाचं आधार जुळत नाही, कोणाचे फोटो राहिले, आणि जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना चेहरा ओळखण्याची अट आल्यावर कोणाचे किती चेहरे बाकी आहेत. दोन-अडीच तास हेच. मग लांबच्या बाया एसटीच्या वेळेकडे बघून उठायला लागतात. लेकराला भाषा कशी येईल, खोलीत पंचवीस पोरं वेगवेगळ्या वयाची असताना कोणाला काय द्यावं, कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या पोराशी पहिल्या महिन्यात मराठी किती बोलावी, यातलं काहीच होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना, असं उत्तर मिळतं. तो ग्रुप अधिकाऱ्यांचा आहे. त्यात "तात्काळ सादर करा" येतं आणि खाली पंचवीस "ओके मॅडम" येतात. "माझ्या गावातलं एक लेकरू गेलं, मला झोप लागत नाही" हे कोणी त्यात लिहीत नाही. मेळघाटात, भामरागडात, धानोऱ्यात हे घडतं, आणि घडलं की पहिली विचारणा सेविकेलाच होते: वजन घेतलं होतं का, आहार दिला होता का, नोंद कुठं आहे. तिच्याजवळ येऊन बसणारी बाई ही बहुधा बीटमधलीच असते, आणि तीसुद्धा स्वतःच्या खर्चानं आलेली.

या मैत्रीचा हिशोबी उपयोगही सांगायला हवा, कारण अंदाजपत्रक त्यावरच हलतं. दिवाळीनंतर मेळघाटातली कुटुंबं कामासाठी सपाटीवर उतरतात, संत्र्याच्या तोडणीला, हरभऱ्याच्या सोंगणीला, वीटभट्टीवर. सोबत दोन-तीन वर्षांचं लेकरू असतं. ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे, पण नोंद झाली म्हणून वीटभट्टीवरच्या झोपडीपर्यंत कोणी जात नाही. ज्या सेविकेची अचलपूर किंवा दर्यापूरकडच्या सेविकेशी ओळख असते ती फोन करते: "अमक्या भट्टीवर आमचं एक लेकरू आलं आहे, दंडघेर बारा आहे, नजर ठेव." ते लेकरू दुसऱ्या दिवशी खिचडीला बसतं. मार्चमध्ये परत गेल्यावर उलटा फोन येतो, वजनासकट.

तीच गोष्ट अतिरिक्त कारभाराची. सेविका बाळंतपणाच्या रजेवर गेली की सहा महिने शेजारची सेविका दोन अंगणवाड्या पाहते. किल्ल्या, आहाराचा साठा, लसीकरणाच्या थकलेल्या तारखा, कोणत्या घरी सकाळी जायचं आणि कोणत्या घरी संध्याकाळी, हे सगळं तिला तोंडी कळतं. दोघींचं जमत नसेल तर इथंच गाडं अडतं. साठ्याचा मेळ लागत नाही, मोबाईलचं लॉगिन एकीच्या नंबरावर आणि काम दुसरीकडे, आणि रजेवरून परतल्यावर आधी भांडण होतं. जमत असेल तर गावाला फरक जाणवत नाही. आठवीतल्या पोरीच्या फीसाठी भिशीचा नंबर बदलून देणं, मानधन लांबलं तर किराण्याला उसने देणं, हे त्याच नात्याचे दुसरे व्यवहार. सेविकेचं मानधन १३,००० आणि मदतनिसाचं ७,५०० आहे आणि ते वेळेवर येईलच असं नसतं, तेव्हा हे छोटे व्यवहार नोकरी सोडण्यापासून वाचवतात.

या नात्याला दोष आहेत, आणि ते लपवून काही साधणार नाही. जवळच्या मैत्रिणी एकमेकींचे आकडे उतरवतात. एकीनं वजनं घेतली नाहीत तर मागच्या महिन्याच्या आकड्यात शे-दोनशे ग्रॅम मिळवून देतात. बीटमध्ये जातीनुसार आणि गटानुसार बसण्याच्या जागा ठरतात, आणि एखादी नवी सेविका वर्षभर एकटीच डबा खाते. पण यावर उपाय मैत्री कमी करणं हा नाही. मोजमाप उघड्यावर आणि सगळ्यांसमोर झालं की आकडे उतरवण्याला जागा राहत नाही. जोड्या दर सहा महिन्यांनी बदलल्या की गट सैल होतात.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या मनात असतो, तोंडावर क्वचित येतो: बाया एकत्र आल्या की संघटना होते, मग संप होतो. होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये शासनानं दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले ते एकत्र येऊनच. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप ५२ दिवस टिकला तो एकमेकींच्या आधारावरच. गुजरातमधल्या सेविका-मदतनिसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ ला ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही एकट्या बाईच्या अर्जानं झालेला नाही. पण ज्यांनी कामाचा भार वाटून घेतला त्यांनी मागण्याही वाटून घेतल्या, यात शासनाचं नुकसान कोणतं? बंद फोन घेऊन गप्प बसलेली सेविका योजनेला जास्त महाग पडते.

मग करायचं काय? बीट मीटिंग पूर्ण दिवसाची करा आणि माहितीचं काम पहिल्या तासात संपवा. ज्यांची नोंद बाकी आहे त्यांची यादी आदल्या दिवशी फोनवर पाठवता येते, ती सभेत वाचायची गरज नाही. पुढचा दीड तास मोजमापाचा. बीटच्या गावातली चार-पाच लेकरं आयांसकट बोलवायची. वजनकाटा सपाट जागी ठेवून शून्यावर आणायचा, लेकराचे वाळे, करदोडा, जाड कपडे काढायचे. एकाच लेकराचं माप दोन जोड्यांनी एकमेकींना न सांगता घ्यायचं आणि मग आकडे शेजारी लिहायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं वाढीचे तक्ते तयार करताना दोन मोजणाऱ्यांमध्ये चालणारा फरक ठरवला होता: लांबीत ७ मिलिमीटर, वजनात १०० ग्रॅम, दंडघेरात ५ मिलिमीटर. त्याहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजायचं आणि कोणाचा हात कुठं चुकला ते तिथंच बघायचं. निजवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ७ मिलिमीटर जास्त भरते, हे विसरल्यानं दोन वर्षांच्या आसपासच्या लेकरांची श्रेणी कशी बदलते तेही या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

त्यानंतर डबा. सोबत जेवायला पाऊण तास हवाच, आणि तो कार्यक्रमपत्रिकेत लिहून हवा. दुपारी एका सेविकेनं एक खेळ किंवा गोष्ट खऱ्या मुलांसोबत घ्यायची, बाकीच्यांनी बघायची. शेवटी दोन अवघड लेकरांची चर्चा, नाव न घेता. पर्यवेक्षिकेनं या वेळात मागं बसावं.

प्रवासभाडं त्याच दिवशी हातात मिळायला हवं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ही मोठी मदत आहे. पण जिथं एसटी जात नाही तिथं काळी-पिवळी किंवा कोणाच्या गाडीवर मागं बसून यावं लागतं. पंचवीस सेविकांच्या बीटमध्ये प्रत्येकी भाडं आणि जेवण मिळून ३०० रुपये धरले तर महिन्याला ७,५०० आणि वर्षाला ९०,००० होतात, म्हणजे एका अंगणवाडीमागे वर्षाला ३,६०० रुपये. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते. त्यातून शिलाई मशीन आणि सायकली वाटल्या जातात. महिला व बालकल्याण समितीनं ठरवलं तर बीटच्या दिवसाचा खर्च पूर्ण नाही तरी बराचसा त्यातून निघू शकतो.

मदतनिसांचा विचार यात कोणीच करत नाही. अंगणवाडी उघडी राहावी म्हणून बीट मीटिंगला त्यांना बोलावलं जात नाही. वीस-वीस वर्षं एकाच खोलीत काम करून त्यांना शेजारच्या अंगणवाडीची मदतनीस नावानंही माहीत नसते. कोणतं पोर उपाशी आलं आहे, कोणतं आज ताट रिकामं करत नाही, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. वर्षातून दोन वेळा तरी त्यांची स्वतंत्र बैठक व्हावी, आणि त्या दिवशी सेविकेनं चूल सांभाळावी.

आणि ज्या पासष्टीला पोचून घरी बसल्या, त्यांचं काय? एकरकमी पैसे मिळतात, निवृत्तिवेतन नाही, आणि महिन्याला पंचवीस मैत्रिणी भेटण्याचं कारण एका दिवसात संपतं. दुसरीकडे नव्यानं लागलेली बारावी पास मुलगी मोबाईल झपाट्यानं चालवते, पण रडणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात कसं बसवायचं हे तिला कोणी दाखवलेलं नसतं. प्रत्येक बीटमध्ये दोन निवृत्त सेविकांना दिवसाचं मानधन देऊन बोलावलं तर दोन्हीकडची गरज भागते. त्यांच्या काळात अंगणवाडीत आलेल्या मुली आज त्याच गावात आया झाल्या आहेत, त्यामुळे नव्या सेविकेसाठी बंद असलेली काही दारं त्यांच्या सोबत गेल्यावर उघडतात.

हे सगळं एकाच साच्यात बसणार नाही. वऱ्हाडातल्या सपाट तालुक्यांत बीटचा दिवस आठवडी बाजाराच्या गावी आणि बाजाराच्याच वारी ठेवावा, त्या दिवशी गाड्या मिळतात आणि घरातून निघायला कोणी अडवत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आया पहाटेच शेतावर जातात आणि पोरं लवकर आणून सोडतात, तेव्हा बैठक अकराआधी सुरू करू नये. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडची गावं दिवसेंदिवस तुटतात. तिथं जुलै ते सप्टेंबर बीटची मोठी बैठक घेण्याचा हट्ट सोडून नदीच्या एकाच काठावरच्या चार-पाच अंगणवाड्यांचे छोटे गट करावेत, पर्यवेक्षिका पोचली नाही तरी त्यांची बैठक अधिकृत धरावी आणि तिचा भत्ता द्यावा.